ओढीचा आकडा

ललित वारके प्रयोगशाळेत कोसळला तेव्हा त्याची बायको हर्षदा शाळेत पाचवीच्या वर्गावर होती. त्याला खाली पडता पडता धरलं ते डॉ. शाल्मली कर्णिकनं. रुग्णवाहिका बोलावली तीही तिनंच. हर्षदा धापा टाकत भुसावळच्या रुग्णालयात पोचली, तेव्हा नवऱ्याचं घड्याळ आणि पाकीट शाल्मलीच्या हातात होतं. "हे घ्या वहिनी," असं म्हणून तिनं ते पुढे केलं. हर्षदानं घेतलं. पण आपल्या घरची वस्तू दुसऱ्या बाईनं आपल्याला द्यावी, हे कुठंतरी टोचून राहिलं.

ललित सेहेचाळीस वर्षांचा होता. फैजपूरच्या बाहेर, केळीच्या बागांमध्ये त्याची प्रयोगशाळा होती. काचेच्या बाटल्यांत केळीची रोपं वाढवायची आणि मर रोगाला दाद न देणारं वाण शोधायचं, हे त्याचं आणि शाल्मलीचं पंधरा वर्षांचं काम. शाल्मली ठाण्याहून आली ती तिथलीच झाली. लग्न केलं नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. हर्षदाला ती वहिनी म्हणायची आणि दिवाळीला फराळाला यायची. इतकी वर्षं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, हर्षदालाही नाही.

पक्षाघातानं ललितचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली. उरला एकच शब्द, "तेच". पाणी हवं असलं तरी "तेच", उकडत असलं तरी "तेच", पुण्याला शिकणारी मुलगी ईश्वरी समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसली तरी "तेच". मान हलवायचा, पण होकाराला नकार आणि नकाराला होकार व्हायचा. हर्षदानं बिनपगारी रजा घेतली. अंघोळ, कपडे, औषधं, दिवसातून पाच वेळा भरवणं, सगळं ती करायची. बाहेर मार्चमध्येच पारा पंचेचाळीसला गेला होता. अकरा वाजता उष्णबंदीचा भोंगा व्हायचा, मग पाच वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. त्या बंद घरात ती दोघं आणि तो एक शब्द.

अशात अन्विता ते मशीन घेऊन आली.

अन्विता ही वाचा-उपचार करणारी मुलगी. आठवड्यातून दोनदा यायची. मशीन दिसायला अभ्यासाच्या दिव्यासारखं होतं. वाकणारी मान, टोकाला दिव्याच्या जागी छोटा कॅमेरा आणि बाजूला हाताएवढा पडदा. तिनं ते पलंगाच्या डोक्याशी अडकवलं आणि समजावून सांगितलं.

"काकू, डोळ्याच्या बुबुळाच्या मध्ये जे काळं भोक असतं ना, ती बाहुली. तिला दोन स्नायू असतात. एक आवळतो, एक उघडतो. उजेड पडला की ती बारीक होते, अंधारात मोठी होते. जवळचं बघताना पुन्हा बारीक होते. हे सगळ्यांना माहीत असतं. पण मनाला काही भिडलं की तीच बाहुली किंचित मोठी होते, अर्धा मिलिमीटर असेल नसेल. आनंद, कुतूहल, ओढ, काहीही. मेंदूच्या देठाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तिथून हा हुकूम सुटतो. माणसाला तो थोपवता येत नाही. तोंड खोटं बोलेल, बाहुली नाही बोलत."

"आणि हे मशीन ती मोजतं?"

"सेकंदाला शंभर वेळा. उजेडामुळे आणि जवळ-लांब बघण्यामुळे जो फरक पडतो तो वजा करतं. उरते ती मनाची ओढ. शून्य ते शंभर. ज्या गोष्टींकडे काकांची ओढ जास्त, त्या धरून आपण बोलणं शिकवायचं. मेंदूची वाट तिथूनच लवकर उघडते."

ललितच्या डाव्या डोळ्यात लहानपणीच काटा लागून फूल पडलं होतं. पांढऱ्या डागामागे बाहुली दिसायचीच नाही. म्हणून मशीन उजव्या डोळ्यावर लावलं. रोज सकाळी एक काम हर्षदाकडे दिलं. ठिपक्यांचं एक कार्ड ललितच्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरायचं. त्यावरून मशीन त्या दिवसाचं शून्य ठरवायचं.

पहिल्या दिवशी हर्षदानं मोठ्या हौसेनं ते कार्ड धरलं. मग कार्ड बाजूला ठेवून ती तशीच ललितजवळ वाकून बसली. त्याचा डावा हात हातात घेतला. "अहो," ती म्हणाली. "मी हर्षदा."

पडद्यावर सतरा आला.

"सुरुवातीला कमीच येतो," अन्विता म्हणाली.

थोड्या वेळानं शाल्मली आली. ती नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीवर बसली. बाहेरच्या बाईनं आजारी पुरुषाच्या पलंगाशी कसं जाऊन बसायचं, म्हणून तिनं ती जागा पहिल्या दिवसापासून आपली केली होती. "सर, दोनशे अकरा नंबरच्या रोपांना मुळं फुटली," ती तिथूनच म्हणाली. ललितनं तिच्याकडे पाहिलं. आकडा हळूहळू चढायला लागला. तीस. अठ्ठेचाळीस. साठ. एकाहत्तरवर येऊन थांबला.

"अरे वा!" अन्विता म्हणाली.

हर्षदा उठली. चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि साखर घालायची विसरली.

वीस वर्षं तिनं पोरांना मार्क दिले होते. आता पंचेचाळिसाव्या वर्षी रोज सकाळी तिला मार्क मिळायला लागले. एकोणीस. चौदा. सोळा. एकदा बावीस, तेव्हा ती दिवसभर गुणगुणत होती. ईश्वरी भिंतीवरच्या पडद्यावर आली की सदुसष्ट. ते ठीक होतं, बापाचा जीव असतो लेकीवर. पण शाल्मलीला एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर. पास होणंसुद्धा आपल्या नशिबात नाही आणि ती मात्र रोज पहिल्या श्रेणीत.

मग ती मागचं सगळं पुन्हा वाचायला लागली. परिषदेला दोघं हैदराबादला गेले होते ते चार दिवस. शाल्मलीला डेंग्यू झाला तेव्हा ललितनं स्वतः नेऊन दिलेला डबा. तो डबा तर हर्षदानंच भरला होता! रात्री जेवताना "आज शाल्मली म्हणत होती" अशी सुरू होणारी त्याची वाक्यं. तेव्हा त्या वाक्यांचं काही वाटलं नव्हतं. आता एकेक वाक्य उलगडून ती त्याच्या घडीत काही लपलंय का ते बघत होती. ज्याला भरवते, ज्याची लाळ पुसते, ज्याचं अंग वळवताना आपली कंबर मोडते, त्याचं मन अर्ध्या मिलिमीटरनंसुद्धा आपल्याकडे झुकत नाही. ती दारात बसून चार शब्द बोलते, तर बाहुली फुलते.

एका दुपारी तिला राहवलं नाही. त्याच्याकडे बघत विचारण्याचा धीर होईना, म्हणून ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "शाल्मली."

वळून पडदा पाहिला. चौसष्ट.

ती पलंगाजवळ आली. त्याच्या तोंडाशी तोंड नेलं. "हर्षदा," ती म्हणाली. आकडा उतरत गेला. चाळीस, एकतीस, वीस.

"खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला ती हवी होती की मी?"

ललितनं डोळे बारीक करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, "तेच."

  भरवताना पूर्वी ती गावातल्या गोष्टी सांगायची, त्या दिवसापासून त्या बंद झाल्या. चमचा पुढे करायचा, तोंड पुसायचं, उठायचं. ललित तिच्यामागे बघत राहायचा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अन्वितानं तीन महिन्यांचे आकडे मांडून योजना सांगितली. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. पण रोजचे धडे शाल्मली मॅडमनी घ्यावेत असं मला वाटतं. सकाळी सात ते आठ. तुम्ही त्या वेळात जरा विश्रांती घ्या."

"घेते की," हर्षदा म्हणाली. "खूप झाले कष्ट."

दुसऱ्या दिवशी सातला शाल्मली आली. हर्षदानं दार उघडलं आणि म्हणाली, "या मॅडम."

शाल्मली उंबऱ्यावरच थांबली. "वहिनी, मला मॅडम का म्हणताय?"

"मग काय म्हणू? मोठ्या गुणांनी पास झालात तुम्ही."

शाल्मलीचा चेहरा उतरला. पण ती परत गेली नाही. खुर्चीवर बसली आणि तिनं चित्रांची पुस्तिका उघडली. पहिलं चित्र घडाचं, दुसरं पानाचं, तिसरं पाण्याचं. आकडा चढत गेला, सत्तरला पोचला. स्वयंपाकघराच्या दारातून हर्षदा बघत होती. शाल्मलीची नजर मधूनच पडद्याकडे जात होती. तिथं गेली की तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. हर्षदानं ते पाहिलं आणि तिच्या अंगाची लाही झाली.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी हर्षदानं ज्वारीच्या पेजेची वाटी आणून शाल्मलीच्या हातात दिली.

"आज तुम्ही भरवा."

"मी? वहिनी, मला नाही जमायचं. त्यांना ठसका लागला तर?"

"मलाही जमत नव्हतं. जमवलं. आकडा तुमचा आहे ना, मग चमचाही तुमच्याच हाती असू दे. बसा त्या स्टुलावर. अशा लांबून नाही भरवता येत."

शाल्मली उठली. पंधरा वर्षांत ती पहिल्यांदा ललितच्या इतक्या जवळ बसली असेल.  तिनं अर्धा चमचा भरला, फुंकर घातली, त्याच्या ओठाशी नेला. ललितनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

पडद्यावर सत्तर होता. दुसऱ्या चमच्याला बावन्न झाला. मग पस्तीस. वाटी अर्धी झाली तेव्हा पंधरा.

शाल्मलीनं तो पाहिला. पुन्हा पाहिला. चमचा तसाच हवेत राहिला.

हर्षदाला आनंद झाला. उकाड्यात अंगावर गार पाणी पडावं तसा. त्या आनंदाची तिला लाजही वाटली, पण म्हणून तो कमी झाला नाही. "गार होईल पेज," ती म्हणाली.

शाल्मलीनं उरलेली पेज भरवली, ललितचं तोंड पुसलं, वाटी मोरीत नेऊन ठेवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हर्षदानं फोन केला नाही. ते दोन दिवस तिला बरे गेले. बाराचा आकडा आला तरी वाईट वाटलं नाही. आपल्याला बारा तर तिला पंधरा.

चौथ्या दिवशी सकाळी शाल्मली दारात उभी होती. डोळे सुजलेले, हातात वही.

"वहिनी, मला एक प्रयोग करून बघायचाय. तुम्ही हवं तर नंतर मला घालवून द्या. आधी एवढं करू द्या."

हर्षदा बाजूला झाली.

"कार्ड धरून झालं?"

"आत्ताच."

"मग आता आपण दोघीही त्यांच्या नजरेबाहेर, पलंगामागे उभ्या राहू. मला एक तांब्या द्या."

हर्षदानं पाण्याचा स्टीलचा तांब्या आणून दिला. शाल्मलीनं तो दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला, बोटानं टण् करून वाजवला आणि पलंगामागे आली. ललित आवाजाच्या दिशेनं बघायला लागला. खोलीत दुसरं काही हलत नव्हतं. पडद्यावर वीस. तेहेतीस. पन्नास.  दोन मिनिटांनी आकडा एकाहत्तरला पोचला.

मग शाल्मलीनं तांब्या उचलून ललितच्या अगदी समोर, जेवणाच्या फळीवर ठेवला. तो तांब्याकडे बघत राहिला. आकडा उतरला आणि सोळावर थांबला.

"सरांना दारातल्या तांब्याची माझ्याइतकीच ओढ आहे," शाल्मली म्हणाली. हसल्यासारखं करत होती, पण ते हसू नव्हतं. "आणि जवळच्या तांब्याचा त्यांना तुमच्याइतकाच कंटाळा. वहिनी, हे मशीन माणसं मोजत नाहीये. अंतर मोजतंय."

हर्षदा स्टुलावर बसली. ललित एकदा तांब्याकडे आणि एकदा मागे वळायचा प्रयत्न करत दोघींकडे बघत होता. "तेच?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच त्यात प्रश्नचिन्ह होतं.

शाल्मलीनं सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉ. नजमा तडवी भुसावळला बसायच्या. उष्णबंदीच्या आधी घरी परतायचं म्हणून तिघं साडेसहालाच निघाले. शाल्मली गाडी चालवत होती, हर्षदा मागे ललितला धरून बसली होती.

डॉक्टरांनी खोलीत अंधार केला आणि ललितच्या उजव्या डोळ्यावर बारीक प्रकाश टाकला. बाहुली जवळजवळ ढिम्म राहिली. मग त्यांनी आपलं बोट त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरलं. बाहुली सावकाश, अगदी सावकाश आवळायला लागली. बोट काढून घेतलं, त्याला भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायला लावलं, तरी ती लगेच उघडेना. डॉक्टर भिंगातून बघत राहिल्या.

"या, तुम्हीही बघा," त्यांनी हर्षदाला बोलावलं.

भिंगात ललितचं तपकिरी बुबुळ एखाद्या तळ्याएवढं दिसत होतं. त्याची आतली कडा सगळीकडून सारखी हलत नव्हती. एक तुकडा हलायचा, शेजारचा गप्प, मग तिसराच. अळी सरकावी तशी ती कडा वळवळत होती.

"रुग्णालयाच्या कागदावर लिहिलंय, उजवी बाहुली मंद, पक्षाघातामुळे," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे पक्षाघाताचं नाही. जुनं आहे. कधी जोराचा ताप आला होता का यांना? नंतर जवळचं बघून लांब बघताना अंधूक दिसतं अशी तक्रार?"

"नाही," हर्षदा म्हणाली.

"हो," शाल्मली म्हणाली. दोघींचं एकदमच झालं. शाल्मली जरा अडखळली. "आठ वर्षांपूर्वी. सूक्ष्मदर्शकातून मान वर केली की सरांना मिनिटभर समोरचं धूसर दिसायचं. उन्हात एकाच डोळ्याला त्रास व्हायचा. मी डॉक्टरकडे जा म्हटलं होतं. ते म्हणाले, वय झालं."

हर्षदानं नवऱ्याकडे पाहिलं. आठ वर्षं. तो घरी येऊन हे कधी बोलला नव्हता. तिला मशीनच्या आकड्यानं जितकं लागलं नव्हतं तितकं हे लागलं.

डॉक्टरांनी ललितच्या धड असलेल्या डाव्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्यांनी समाधानानं मान हलवली. "या आजारात गुडघा पण असा गप्प होतो. सांगते सोपं करून. डोळ्याच्या मागे मज्जातंतूंची एक गाठ असते. बाहुली आवळायची आज्ञा तिथूनच येते, आणि जवळचं बघताना भिंग फुगवायची आज्ञाही तिथूनच. तापात कधीतरी त्या गाठीतले तंतू मरतात. पुन्हा उगवतात, पण वाट चुकतात. भिंगाकडे जायचे ते बाहुलीत शिरतात. म्हणून उजेडाला ही बाहुली दाद देत नाही, पण जवळचं बघितलं की घट्ट आवळते आणि मग सुटता सुटत नाही. निरोगी बाहुली क्षणात सुटते, तुमचं मशीन तेवढंच धरून चालतं. इथं मिनिटं लागतात."

"म्हणजे सकाळी कार्ड जवळ धरलं की ती आवळायची," शाल्मली हळू म्हणाली, "तेच मशीनचं शून्य. पुढे लांब जे दिसेल, त्यावर ती सुटत जायची."

"आणि मशीन म्हणायचं, वा, काय ओढ आहे. या आजाराला एडीची बाहुली म्हणतात. जिवाला धोका नाही. खात्रीसाठी एक थेंब घालते. बाहुली आवळायचं औषध आहे, पण नेहमीपेक्षा वीसपट पातळ. चांगल्या डोळ्याला त्याचं काहीच होत नाही. हा डोळा मात्र उपाशी असतो, एवढ्यालाही आवळेल. अर्धा तास बसा बाहेर."

ललितला आत आरामखुर्चीवर झोपवून दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. 

"तुला ते आवडायचे?" हर्षदानं विचारलं.

"हो."

इतक्या सरळ उत्तराची तिनं तयारी केली नव्हती. "आणि त्यांना तू?"

"माहीत नाही. कधी विचारलं नाही, त्यांनी कधी दाखवलं नाही. दुपारी डबा उघडला की म्हणायचे, बघू आज हर्षदानं काय दिलंय. मला तुमच्या डब्याचा राग यायचा." शाल्मली हाताच्या नखांकडे बघत होती. "मग हा आकडा आला. एकाहत्तर. तुम्ही तिथं राबत होता, सगळं दिसत होतं मला. तरी रोज सकाळी तो आकडा बघायला मी धावत यायचे. पंधरा वर्षांनी काहीतरी मिळालं होतं."

"मग सांगितलंस कशाला? गप्प बसली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं."

"तुम्ही ती वाटी हातात दिलीत म्हणून. पंधरा आला तेव्हा जे झालं मला... दोन दिवस मी उठले नाही. आधी तुमचा हेवा वाटला, तुम्हाला जिंकता आलं म्हणून. मग वाटलं, हे यांनी तीन महिने रोज सोसलं. त्यानंतर शंका आली. शंका आली की मला तपासल्याशिवाय राहवत नाही, वहिनी. तेवढंच येतं मला."

हर्षदाला तिची कीव आली नाही. मोठेपणासुद्धा हिनंच दाखवायचा, हा विचार तिच्या मनात आलाच. पण तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि स्वतः पिण्याआधी तिच्यापुढे केली.

अर्ध्या तासानं ललितची बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. शंका उरली नाही.

"मग आता दुसऱ्या डोळ्यावर लावता येईल का मशीन?" हर्षदानं विचारलं. विचारू नये असं वाटत असतानाच ती विचारून बसली.

"त्यात फूल आहे. बाहुली दिसतच नाही."

"म्हणजे यांच्या मनात काय आहे ते..."

"या मशीनवर नाही कळणार," डॉ. तडवी म्हणाल्या. "बाकीच्यांचं किती कळतं, तेही मला विचारू नका. पण एक सांगते, हे महत्त्वाचं आहे. यांच्या भिंगाचीही तीच गत आहे. जवळ आलेला चेहरा यांना लगेच नीट दिसत नाही. धूसर दिसतो, मग हळूहळू लागतो. बोलता येत असतं तर म्हणाले असते, थांब जरा. तुम्ही येता, भरवता, उठता. यांनी गेल्या काही महिन्यांत तुम्हाला जवळून धड पाहिलेलंच नसणार. जवळ जा आणि हलू नका. पंधरा मोजा मनात."

घरी आल्यावर हर्षदानं पलंगाच्या डोक्याशी लावलेलं मशीन सोडवून खोक्यात भरलं. अन्विता संध्याकाळी येऊन ते घेऊन गेली. फार ओशाळली होती. यापुढे प्रत्येक रुग्णाची बाहुली आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊ, असं चारदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड धरायचं नव्हतं. हर्षदा स्टूल ओढून ललितच्या अगदी समोर बसली आणि हललीच नाही. एक, दोन, तीन. ललितनं डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या पडल्या. त्या दुपारी तिनं खरं सांगा म्हटलं तेव्हाही अशाच पडल्या होत्या. तिला तो तिटकारा वाटला होता. सात, आठ. गल्लीत दूधवाल्याची गाडी थांबली, घंटा वाजली. ती उठली नाही. अकरा. आठ्या सैल झाल्या. चौदा, पंधरा.

ललितचा डावा हात वर आला. त्यानं तिच्या कानामागची एक बट बोटात धरली. ती बट हिवाळ्यापर्यंत काळी होती.

"तेच?" तो म्हणाला.

"हो, पिकली," हर्षदा म्हणाली. "या तीन महिन्यांत." आणि तिला हसू आलं आणि मग रडू आलं, पण ती जागची हलली नाही, कारण हलली असती तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं असतं.

शाल्मली आठवडाभर आली नाही. आठव्या दिवशी हर्षदानंच फोन केला. "धडे बंद पडलेत. अन्विता सांगून जाते ते मला एकटीला जमत नाही. ये."

ती आली, आणि न सांगता दाराजवळच्या खुर्चीकडे वळली. हर्षदा भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली. शाल्मलीला तिथंच बसू देणं सोपं होतं. तिथं बसूनही धडे झालेच असते, आणि इतकी वर्षं ती तिथंच बसत आली होती. हर्षदा क्षणभर उभी राहिली. मग तिनं पायानं स्टूल पलंगापाशी सरकवलं.

"तिथं नको. इथं बस. जवळ."

शाल्मली तिच्याकडे बघत राहिली. "वहिनी, नको."

"बस म्हणते ना. आणि बसलीस की हलू नकोस, बोलू नकोस. पंधरा मोज. मग त्यांना तू दिसतेस."

ती लगेच आत वळली. तव्यावर भाकरी टाकली. तिनं ठरवलं नव्हतं, पण ओठ मोजायला लागले होते. सहा, सात, आठ. बाहेर काही आवाज नव्हता. बारा. तिनं भाकरी उलटायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. चौदा. पंधरा.

"तेच," बाहेरून ललितचा आवाज आला.

तो आपल्या वाट्याला आला होता तसाच होता की वेगळा, अधिक हळुवार होता की नुसताच ओळखीचा, हे ठरवत ती कान देऊन उभी राहिली. पुढचं काही ऐकू आलं नाही. धुराचा वास आला तेव्हा ती भानावर आली. करपलेली भाकरी तिनं आपल्या ताटात ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.